सासऱ्यांचा पिकअप आणि सुरंगीची कळी

प्रश्न : सासरे वारले त्याला दोन वर्षं झाली. त्यांचा जुना पिकअप परसात सुरंगीच्या झाडांखाली उभा आहे. टायर बसलेत, पत्रा गंजलाय. सासूबाई रोज पहाटे मागच्या हौद्यात चढतात, परडी भरली की उतरतात. गाडी काढायचा विषय निघाला की रडू लागतात. त्या भाचीच्या लग्नाला गेल्या की भंगारवाल्याला बोलवायचं, असं नवऱ्याने ठरवलंय. सासूबाईंना या दुःखातून कसं बाहेर काढू?
– एक सून, डिचोली तालुका

उत्तर : परडीची गोष्ट तुम्ही सहज लिहून पुढे गेलात, मी मात्र तिथेच थांबले. सुरंगीची कळी फांदीलाच घोसाने लगडते आणि उमलायच्या आत खुडावी लागते. उशीर झाला तर वळेसर, म्हणजे गजरा, नीट होत नाही, वर मधमाश्यांचा घोळका. तेव्हा पहाटेच जायचं, तेही या वयात, उंच फांदीखाली. हौद्यात उभं राहिलं की हात पोचतो! त्यांना नवऱ्याची आठवण येत नसेल असं नाही, पण तुम्ही सगळे जिला नुसतं दुःख समजताय, ती गाडी त्यांच्या रोजच्या कामाची आहे. त्या वळेसर विकतात की देवाला वाहतात, हे पत्रात नाही. घरात तरी कोणी विचारलंय का?

आता नवऱ्याच्या बेताविषयी. गोव्यात पोर्तुगीज काळातला नागरी कायदा अजून चालतो. लग्नाआधी वेगळा करार झाला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. आरसी बुकावर एकट्या सासऱ्यांचं नाव असलं तरी निम्मी गाडी सासूबाईंचीच. उरलेल्या निम्म्यात सगळी मुलं आली, लग्न होऊन गेलेली मुलगीसुद्धा. मालक वारल्यावर आरटीओला 30 दिवसांत कळवायचं आणि 3 महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करायचा फॉर्म 31 भरायचा असतो. तुमचं ते राहिलेलं दिसतं, आधी ते उरका. पुढे मोडीत काढायचीच ठरली तर अधिकृत केंद्रात द्या, तिथलं प्रमाणपत्र घ्या आणि नोंदणी रद्द करून घ्या. नाक्यावरचा भंगारवाला पत्रा नेईल, नंबर मात्र सासऱ्यांच्या नावावर तसाच राहील.

गाडी आहे तशी ठेवा, असंही मी म्हणत नाही. फुलं-पाला हौद्याच्या भोकांत अडकतो, पाणी तुंबतं, पत्रा कुजतो. एके दिवशी पाय आत जाईल. वेल्डरकडून कठडा असलेला भक्कम घोडा करून घ्या, चढायला रुंद पायऱ्या हव्यात. तो झाडाखाली आणून ठेवा, सासूबाईंना चार दिवस वापरू द्या आणि मग गाडीचं बोला. मला वाटतं, बोलणं बरंच सोपं जाईल.

लग्नाच्या दिवशी गाडी उचलायचा बेत मात्र आजच मोडा. नवरा ऐकत नसेल आणि तुम्हाला नणंद असेल, तर सरळ तिला फोन लावा. सही तिचीही लागणार आहे.