भाजे लेण्यात तबला कोरलेला आहे का? जुन्या शिल्पांतली वाद्यं ओळखायची कशी?

भाजे लेण्यात बाई वाजवतेय ती तबल्याची जोडी का, असं तुम्ही विचारलंय. मी तिला तबला म्हणणार नाही. भाज्याचं हे कोरीवकाम इसवी सनापूर्वीचं, आणि तबला हे नाव व त्याची आजची घडण साधारण अठराव्या शतकापासूनची. उभ्या तालवाद्यांची परंपरा मात्र खरोखर जुनी आहे. नाट्यशास्त्रात चामड्याच्या अशा वाद्यांना पुष्कर म्हटलंय, त्यांचे प्रकार तीन. आंकिक मांडीवर आडवं, आकार हिरड्यासारखा. ऊर्ध्वक उभं, जवासारखं मध्ये फुगीर. आलिंग्य कवेत धरायचं, गोपुच्छासारखं निमुळतं. स्वर जुळवायला चामड्यावर नदीकाठची माती लेपायची. तबल्याच्या शाईची, म्हणजे मधल्या काळ्या गोल लेपाची, आठवण होते खरी, पण दगडात लेप दिसत नाही, म्हणून नुसत्या आकारावरून तबला ठरवू नये.

ओळखताना आधी हात बघा, वाद्य नंतर. बासरीची कांडी बारीक, त्यामुळे तीच आधी तुटते. तरी दोन्ही हात चेहऱ्याच्या एकाच बाजूला वळलेले असतील तर तिथे बासरी होती असं समजायला हरकत नाही. टाळ छातीसमोर, तळवे एकमेकांकडे.

सर्वाधिक घोटाळा वीणेचा होतो. जुनी वीणा धनुष्यासारखी वाकलेली, दांडीवर स्वरांचे पडदे (आडव्या पट्ट्या) नाहीत. तारा मोकळ्या, डावा हात दांडीवर तारा दाबत नाही. समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर मांडीवर आहे ती हीच. गुप्तकाळानंतर ती मागे पडत गेली. डाव्या हाताची बोटं लांब दांडीवर टेकलेली असतील तर वाद्य वेगळं. त्याला सतार म्हणून मोकळं होऊ नका, सतार फार पुढची.

सराव करायचा तर औरंगाबाद लेण्यांतलं सातवं लेणं गाठा. सहाव्या शतकातलं बौद्ध लेणं. गाभाऱ्याच्या डाव्या भिंतीवर मधोमध नर्तकी, भोवती सहा वादिका. वाद्यवृंद सगळा स्त्रियांचा! महाराष्ट्रातलं इतकं सुरेख नृत्यशिल्प मला दुसरं सांगता येणार नाही. आत अंधार असतो. विजेरीचा झोत समोरून मारलात तर कोरीव काम सपाट दिसतं. भिंतीला जवळजवळ समांतर, बाजूने धरा, म्हणजे बोटं आणि वाद्यांच्या कडा उठून येतात. आधी नर्तकीचा मुरडलेला कंबरेचा भाग बघा, मग एकेक वादिका. फोटोही तसेच, तिरक्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून.