वाळवंट आणि समुद्रकिनारा: वाळू तीच, मग फरक कोणता?

समुद्रकिनारा म्हणजे पाणी लाभलेले वाळवंटच नव्हे का, असे आपण विचारले आहे. मराठीत तर नदीकाठच्या वाळूलाही वाळवंट म्हणतात, त्यामुळे ही गल्लत स्वाभाविक आहे. परंतु भूगोलात वाळवंट ठरते ते वाळूवरून नव्हे, पावसावरून. वर्षाला साधारण 250 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडणारा प्रदेश वाळवंट मानला जातो आणि या हिशेबाने बर्फाच्छादित अंटार्क्टिका हे जगातील सर्वांत मोठे वाळवंट आहे. सहारातही वाळूने व्यापलेला भाग सुमारे एक चतुर्थांशच असून बाकी बहुतांश खडक आणि गोटे आहेत.

वाळूचा विचार करायचा, तर ती भिंगातून पाहावी. मी दोन्हीकडची चिमूट-चिमूट वाळू काळ्या कागदावर पसरून पाहिली आहे. वाळवंटातील कण बरेचसे गोलसर आणि घासलेल्या काचेसारखे धुरकट होते. किनाऱ्यावरचे त्या मानाने कोनदार व चकचकीत होते आणि त्यांत शिंपल्यांचा चुराही होता. वाऱ्याने उडालेला कण दुसऱ्या कणावर थेट आदळतो, तर लाटेत भोवतालचे पाणी त्या आघाताचा बराचसा जोर शोषून घेते, म्हणून लाटेतल्या कणाच्या कडा अधिक काळ टिकतात. वाळवंटातील बारीक, गुळगुळीत वाळू काँक्रीटसाठी सहसा पसंत केली जात नाही, ती यामुळेच.

साम्य आहे ते वाऱ्याच्या कामात. किनाऱ्यालगतच्या वालुकाटेकड्याही वाराच रचतो, त्यामुळे दोन्हीकडे टेकडीची वाऱ्याकडील बाजू मंद चढाची असते आणि आडोशाची बाजू सुमारे 32 ते 34 अंशांनी उतरते. उतार याहून तीव्र झाला की कोरडी वाळू आपोआप घसरते. तापमानाबाबत मात्र समुद्र किनाऱ्याला सांभाळून घेतो, तर वाळवंटातील कोरड्या, निरभ्र हवेत दिवसाची उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते.

या दोहोंची सीमा जिथे पुसली जाते, ते ठिकाण म्हणजे आफ्रिकेतील नामिब वाळवंट. तेथील टेकड्या थेट अटलांटिकच्या लाटांना भिडतात. बेंग्वेला हा थंड प्रवाह किनाऱ्यावरची हवा गार ठेवतो, ती वर चढत नाही आणि म्हणून समुद्र शेजारी असूनही पावसाऐवजी धुके येते. तिथली पुष्कळशी वाळू ऑरेंज नदीने समुद्रात आणली, लाटांनी उत्तरेकडे सरकवली आणि वाऱ्याने आत नेली. म्हणजे तो कण आधी किनाऱ्याचा होता, मग वाळवंटाचा झाला.