जॉइंट अकाउंट, नॉमिनी, मृत्युपत्र सगळं करता येतं, मग समलिंगी जोडप्यांना लग्नाचा कायदा हवाच कशाला?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमचा विरोध वगैरे नाही, फक्त 2024 साली सरकारनं बँक, रेशन कार्ड हे मोकळं केलं, उरलेलं वकिलाकडून करारानं करून घेता येतं, मग कोर्टकचेऱ्या कशासाठी हे कळत नाही. ठीक आहे, प्रश्न सरळ आहे, तर उत्तरही सरळ देतो. मी बडोद्याचा, वाडीत वाढलो, आता मांजलपूरला फ्लॅट आहे आणि त्या फ्लॅटमध्ये माझ्याबरोबर राहतो तो माझा जोडीदार, गुजराती आहे, बरीच वर्षं झाली. तुम्ही म्हणताय त्यातले जवळपास सगळे कागद आम्ही करून ठेवलेत. त्यामुळे कुठपर्यंत भागतं आणि कुठे अडतं हे मी ऐकीव सांगत नाहीये, घरातली फाइल समोर घेऊन सांगतोय.

आधी मुद्दा सांगून टाकतो. कागद आम्हा दोघांना बांधतो, तिसऱ्याला नाही. आणि नवरा-बायकोला लग्नामुळे जे मिळतं त्यातलं बरंचसं तिसऱ्याकडूनच मिळतं, आयकर खातं, पीएफ ऑफिस, हॉस्पिटल, विमा कंपनी, नातेवाईक. त्यांच्याशी मी करार कसा करणार?

मागचं थोडक्यात, कारण लोक यात घोळ घालतात. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं भारतीय दंड विधानाच्या कलम 377 मधून (समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम) सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध बाहेर काढले, म्हणजे आम्ही गुन्हेगार राहिलो नाही, एवढंच. (1 जुलै 2024 पासून दंड विधानाच्या जागी जी भारतीय न्याय संहिता आली तिच्यात तर ते कलमच नाही.) मग लग्नाचा खटला, त्याचा निकाल 17 ऑक्टोबर 2023 ला आला, पाच न्यायमूर्ती होते आणि पाचही जण म्हणाले की लग्न करणं हा घटनेतला मूलभूत हक्क नाही. सिव्हिल युनियनसारखी मान्यता (म्हणजे लग्न न म्हणता नात्याला दिलेली कायदेशीर मान्यता) आणि मूल दत्तक घेणं यावर मात्र 3 विरुद्ध 2 झाले आणि तिथेही आम्ही हरलो. फेरविचाराच्या याचिका जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या. सरकारनं कोर्टात सांगितलं होतं की कॅबिनेट सेक्रेटरीच्या अध्यक्षतेखाली कमिटी नेमू आणि रोजच्या अडचणी बघू, ती 2024 च्या एप्रिलमध्ये नेमली, आणि तुम्ही ज्या सवलतींबद्दल म्हणताय त्या तिथून आल्या.

आता बँक. ऑगस्ट 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेनं आणि अर्थखात्यानं स्पष्ट केलं की अशा जोडप्यांनी जॉइंट खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काही बंदी नाही. नीट वाचलं तर लक्षात येईल की बंदी आधीही नव्हती, दोन मित्रांचं किंवा दोन भागीदारांचं जॉइंट खातं कायम चालतच आलंय. म्हणजे नवीन हक्क मिळाला असं नाही, काउंटरवरच्या माणसाला नाही म्हणता येणार नाही असा कागद मिळाला. तोही काही कमी नाही म्हणा. आम्ही गेलो तेव्हा समोरच्या बेननी फॉर्मवर बोट ठेवून विचारलं, "रिलेशन शुं लखवानुं?" माझ्या जोडीदारानं शांतपणे सांगितलं, पार्टनर. त्या म्हणाल्या, धंद्याचं खातं असेल तर करंट उघडावं लागेल. मग सगळं समजावून सांगितलं, मागे रांग उभी, एक काका चष्मा वर करून बघतायत, शेवटी फ्रेंड लिहिलं आणि खातं झालं. बाईंचा काही दोष नाही, त्यांच्यापर्यंत ते पत्रक आलंच नसेल.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे आपल्याकडे भल्याभल्यांना माहीत नसतं. नॉमिनीकडे बँक पैसे सोपवते, हिशोब मात्र वारसांना द्यायचा असतो. विम्याच्या बाबतीत सुप्रीम कोर्टानं 1983 मध्येच हे सांगितलं, मग 2015 साली विमा कायद्यात सुधारणा झाली आणि आईवडील, नवरा-बायको, मुलं यापैकी कोणी नॉमिनी असेल तर ते पैसे त्याचेच असं ठरलं. त्या यादीत आम्ही बसत नाही. म्हणजे मी याला नॉमिनी केलं तरी उद्या माझे नातेवाईक दावा घेऊन दारात उभे राहू शकतात. हिंदू वारसा कायद्यात माझ्यासारख्या अविवाहित, मूलबाळ नसलेल्या पुरुषाची पहिली वारस आई, आई नसेल तर वडील, मग भाऊ-बहीण, असं करत करत पार लांबच्या चुलत्यापर्यंत यादी जाते, ज्या चुलतभावाला मी कुणाच्या तरी मुंजीत शेवटचा बघितला तो यादीत आहे आणि जो माझ्या डब्यात भाजी भरतो तो कुठेच नाही.

मृत्युपत्र केलं की हे सुटतं, खरं आहे, आणि आम्ही केलंय. दोन साक्षीदार लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण आम्ही केलं. पण मृत्युपत्राला आव्हान देता येतं आणि त्यातलं नेहमीचं पहिलं वाक्य असतं की "याने दबाव टाकून लिहून घेतलं". बायकोच्या बाबतीत मृत्युपत्र नसलं तरी ती वारस असते, तिला काही सिद्ध करावं लागत नाही. इथे आमच्या दोघांच्या नात्यावरच साक्षीपुरावे होणार.

आता जे कागदानं होतच नाही ते बघा. पीएफ आणि ग्रॅच्युइटीमध्ये नियम असा की कायद्यानं सांगितलेलं कुटुंब असेल तर नॉमिनी त्यातलाच लागतो, आणि अवलंबून असलेले आईवडील त्यात येतात. माझी आई माझ्यावर अवलंबून आहे, तिचं नाव आहे, त्याबद्दल तक्रार नाही, पण लग्न झालेल्या पुरुषाला आई आणि बायको अशी वाटणी जशी करता येते तशी मला आई आणि जोडीदार अशी करता येत नाही. सरकारी नोकरीतली फॅमिली पेन्शन, अनुकंपा नोकरी, रेल्वेचा पास, यातलं काहीच कुठल्या स्टॅम्प पेपरवर लिहून मिळत नाही.

आयकराचं तर ऐकाच. नवऱ्यानं बायकोला पाच लाख दिले तर तिला भेट म्हणून त्यावर कर नाही, कारण ती नातेवाईक. याने मला वर्षात 50,000 च्या वर भेट दिली तर अख्खी रक्कम माझ्या उत्पन्नात धरली जाते. आमच्या फ्लॅटच्या वेळी हेच आडवं आलं, शेवटी ज्याने जेवढे भरले तेवढा हिस्सा दस्तात टक्क्यांनी लिहून घेतला, सीएनं दोनदा बजावलं की एकमेकांच्या खात्यात पैसे फिरवू नका. मुंबई हायकोर्टात 2025 मध्ये एका जोडप्यानं नेमकं यालाच आव्हान दिलंय. एक गंमत सांगतो, बायकोला पैसे देऊन तिच्या नावावर गुंतवले तर त्याचं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात, ते क्लबिंग आम्हाला लागत नाही. कायद्यानं आम्हाला परकं ठरवण्याचा एवढा एकच फायदा सापडलाय.

हॉस्पिटलवर जरा जास्त लिहितो कारण लोकांना हेच सगळ्यात खोटं वाटतं. याच्या पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, हा पूर्ण शुद्धीत, स्वतः सही करायला तयार. पण फॉर्मवर रिलेटिव्हची सही हवी. मी म्हटलं मी करतो. कोण तुम्ही? सोबत राहतो. चालणार नाही, घरचं कोणीतरी बोलवा. मग याच्या भावाला भरूचहून बोलावलं, माणूस चांगला आहे, सकाळची गाडी पकडून आला, सही केली, कँटीनमध्ये चहा पिला आणि दुपारच्या गाडीनं परत गेला. रात्रभर मीच होतो. आता कायदा काय म्हणतो, तर शुद्धीतल्या सज्ञान पेशंटची स्वतःची संमती हीच खरी संमती, 2008 च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं आईनं दिलेली संमतीसुद्धा चालणार नाही असं सांगितलंय, कारण पेशंट स्वतः सज्ञान होती. पण हे मी पहाटे काउंटरवर कुणाला ऐकवू? त्यांना बिलाची आणि उद्या काही झालं तर भांडायला कोण येणार याची काळजी असते. आणि पेशंट शुद्धीत नसेल तर मग हे भांडणही माझ्या हातात राहत नाही. भाऊ चांगला निघाला हे आमचं नशीब, माझ्या ओळखीत असा एक आहे ज्याला आयसीयूच्या बाहेर सोफ्यावर बसायलासुद्धा पेशंटच्या घरच्यांनी दिलं नाही. केंद्राच्या आरोग्य खात्यानं 2024 मध्ये राज्यांना पत्र पाठवलं, त्यात जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता येईल असं आहे, पण जवळचे नातेवाईक हजर नसतील तर. म्हणजे ते हजर असतील तर काय ते तुम्हीच बघा.

गुजरातेत यावर एक जुना देशी तोडगा होता, मैत्रीकरार. लग्न झालेल्या पुरुषांनी दुसऱ्या बाईबरोबर राहायचं म्हणून स्टॅम्प पेपरवर केलेला करार, 1970 च्या दशकात याचा इथे बराच बोलबाला होता, आणि पुढे काही ठिकाणी दोन बायकांनीही एकत्र राहण्यासाठी तसाच करार केला. माझ्या ओळखीचे एक वकील काका अजूनही अर्धवट गमतीत विचारतात, करून देऊ का मैत्रीकरार? त्याचा उपयोग एवढाच की आम्ही राजीखुशीनं राहतो हे पोलीस आले तर दाखवता येतं. कोर्टात तो टिकेल याची हमी तेही देत नाहीत.

आणि पोलीस येतात हो. माझ्याकडे नाही आले, मी पुरुष, चाळिशीचा, पगारदार, आईनं निदान बाहेर तरी "त्याचा मित्र राहतो" म्हणून सांभाळून घेतलं. मुलींचं वेगळं असतं, घरचे सरळ पळवून नेल्याची तक्रार करतात. बडोद्यात विकल्प नावाची संस्था अशा मुलींसाठी कित्येक वर्षं काम करतेय, त्यांच्याकडे जाणाऱ्यांना पीएफ आणि क्लबिंग हे प्रश्नच नसतात, त्यांना आधी घरातून बाहेर पडायचं असतं. मे 2025 मध्ये मद्रास हायकोर्टात असंच प्रकरण होतं, मुलीला घरच्यांनी डांबून ठेवलेलं, कोर्टानं तिला सोडवलं आणि म्हटलं की कुटुंब बनवायचा लग्न हा एकच मार्ग नाही, आपण निवडलेलं कुटुंबही कुटुंबच. वाचून बरं वाटलं. पण ते निकालपत्रात, पीएफच्या फॉर्मवर नाही. तुमचा "वकिलाकडून करून घ्या" हा सल्लाही ज्याला वकील परवडतो आणि ज्याला हे सगळं माहितीय त्यालाच लागू पडतो. लग्नात हेच तर सोपं आहे, एक सही आणि पुढचं सगळं आपोआप, ज्याचा आपण विचारही केला नव्हता तेसुद्धा.

मूल दत्तक घेण्यावर फार बोलत नाही, जोडपं म्हणून घ्यायचं तर दोन वर्षांचं स्थिर लग्न लागतं, एकट्यानं घेता येतं पण मग कागदावर पालक एकच, आणि एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. आम्हाला मूल नकोच होतं, ज्यांना हवंय ते याबद्दल माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

कॉमेंटमध्ये लोक म्हणणार की हे संसदेचं काम आहे, कोर्टाचं नाही. मला ते मान्य आहे, खरंच. मग संसदेनं करावं. उत्तराखंडनं जानेवारी 2025 पासून समान नागरी कायदा आणला, लिव्ह-इनची नोंदणीसुद्धा सक्तीची केली, पण फक्त स्त्री-पुरुषाची. आम्हाला तिथेही रांग नाही. समाज तयार नाही म्हणणाऱ्यांना मी आमच्या सयाजीराव महाराजांचं सांगतो, बडोदा संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा 1931 साली झाला, देशभर लागू व्हायला 1955 उजाडलं. तेव्हा दांडियाबाजारातल्या आजोबा-पणजोबांना विचारून केला असेल असं मला तरी वाटत नाही. आणि याच बडोद्यात 2022 मध्ये एका मुलीनं स्वतःशीच लग्न लावून घेतलं, देशभर बातमी झाली, शहर काही बुडालं नाही.

हेही खरं की आमच्यातलेच कितीतरी जण म्हणतात लग्नच नको, ती संस्थाच बायकांना दाबणारी आहे, तिच्यात शिरायला कशाला धडपडताय, त्यापेक्षा माणसाला ज्याला हवं त्याला वारस, सहीचा हक्कदार नेमता येऊ दे, मग तो मित्र असो, बहीण असो. मला हे पटतं थोडंसं. असा कायदा आला तर मी लग्नाचा आग्रह सोडून देईन, मला मांडव आणि वाजंत्री नकोयत, नोंदणी हवीय. पण तोही कायदा कुणी करत नाहीये.

तोवर, हे वाचणारं कुणी आमच्यासारखं असेल तर माझ्या मते क्रम असा ठेवा. मृत्युपत्र आधी. मग बँक, नोव्हेंबर 2025 पासून चार नॉमिनी टाकता येतात, त्यामुळे आईचं नाव न काढता जोडीदाराचं घालता येतं, घरात निष्कारण भांडण नको. घर घेताना हिस्से टक्क्यांत लिहा आणि ज्याने भरले त्याच्या खात्यातून गेले असं दिसू द्या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात साध्या कागदावर आपला प्रतिनिधी कुणालाही नेमता येतो, ते करून ठेवा, फुकट आहे. शेवटच्या आजारात उपचार किती करायचे याचं लेखी पत्र 2023 पासून नोटरीपुढे करता येतं, त्यात ज्याच्यावर विश्वास आहे त्याचं नाव घाला आणि एक कॉपी फॅमिली डॉक्टरकडे द्या. मृत्युपत्राला साक्षीदार मात्र आपल्यापेक्षा लहान वयाचे घ्या, वाद झालाच तर कोर्टात उभं राहायला ते हयात असायला हवेत.