लेवीयापाशी अडलेल्या वाचकास

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

उत्पत्ती आणि निर्गम ही दोन पुस्तके तू उत्साहाने वाचलीस, पण लेवीय उघडल्यावर अर्पणांच्या नियमांत वाचन असे अडकले की गेले कित्येक आठवडे बायबल मिटलेलेच आहे, असे तू कळवले आहेस. त्यावरून ‘मला शास्त्राची गोडीच नसावी’ असा निष्कर्षही तू काढला आहेस. तो मला मान्य नाही, कारण शास्त्राभ्यासकांचे आश्रयदाते मानले जाणारे संत जेरोम यांनाही ही गोडी आयती मिळाली नव्हती.

इ. स. ३४७च्या सुमारास स्त्रिदोन येथे जन्मलेले जेरोम रोममध्ये व्याकरण आणि वक्तृत्व शिकले. प्राचीन रोमन वक्ता सिसरो याच्या घोटीव लॅटिनवर कान घडलेला असल्याने संदेष्ट्यांची भाषा त्यांना ओबडधोबड, नकोशी वाटे. रात्र रात्र पापांसाठी अश्रू ढाळायचे आणि मग प्लॉटसची नाटके हाती घ्यायची, असा त्यांचा क्रम होता. ऐन उपवासकाळात ते तापाने इतके खंगले की अंत्यविधीची तयारी सुरू झाली, आणि त्या ग्लानीत आपण न्यायासनापुढे उभे आहोत असे त्यांनी पाहिले. ‘मी ख्रिस्ती आहे,’ असे त्यांनी सांगताच ‘खोटे बोलतोस, तू सिसरोचा आहेस,’ असे उत्तर आले. हा प्रसंग त्यांनी स्वतःच युस्तोकियम या आपल्या शिष्येला लिहिलेल्या पत्रात सांगितला आहे. त्यातल्या स्वप्नापेक्षा मला त्यामागची कबुली मोलाची वाटते: पवित्र ग्रंथ कंटाळवाणा वाटतो, हे एका संताने लपवले नाही.

गोडी आली ती कष्टांतून. सीरियाच्या वाळवंटात राहत असताना ख्रिस्ती झालेल्या एका यहुदी गृहस्थाकडे ते हिब्रू शिकू लागले. घशातून घासत येणारे ते उच्चार त्यांना इतके जड गेले की अनेकदा त्यांनी नाद सोडला आणि पुन्हा धरला. पुढे बेथलेहेमात, केस पांढरे झाल्यावरही, बारानिना नावाचा यहुदी शिक्षक लोकांच्या भीतीने रात्री येऊन त्यांना शिकवी. पोप दमासस यांच्या सांगण्यावरून ३८२च्या सुमारास त्यांनी लॅटिन शुभवर्तमाने तपासायला घेतली होती. नंतर जुना करार मूळ हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणण्यात ४०५पर्यंतची जवळजवळ पंधरा वर्षे गेली. ‘शास्त्राचे अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचे अज्ञान’ हे त्यांचे यशयावरील भाष्याच्या प्रस्तावनेतले वाक्य कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली उद्धृत केले आणि तेव्हापासून ते सर्वांच्या तोंडी आहे. ते उच्चारताना ही पंधरा वर्षे मात्र कोणाला आठवत नाहीत.

आता तुझ्या अडचणीकडे वळतो. लेता नावाच्या रोमन स्त्रीने आपल्या चिमुकल्या मुलीला कसे वाढवावे असे विचारले, तेव्हा जेरोम यांनी उत्तरादाखल लांबलचक पत्र लिहिले. त्यातले बरेचसे आज फार कडक वाटते आणि ते मी तुझ्या माथी मारणार नाही. पण सुरुवात पाहा: मुलीसाठी लाकडाची किंवा हस्तिदंताची अक्षरे करून घ्यावीत, तिला त्यांच्याशी खेळू द्यावे, आणि ती क्रमाने पाठ झाली की मुद्दाम उलटसुलट मिसळून पुन्हा ओळखायला लावावीत. वाचनाचा क्रमही ते असाच विचारपूर्वक लावून देतात. आधी स्तोत्रे, मग नीतिसूत्रे, उपदेशक आणि ईयोब. त्यानंतर शुभवर्तमाने, जी एकदा घेतली की खाली ठेवायचीच नाहीत. पुढे प्रेषितांची कृत्ये आणि पत्रे. तू जिथे अडखळतोस म्हणतोस ते लेवीय याच्याही नंतर, संदेष्ट्यांच्या पाठोपाठ येते, आणि गीतरत्न अगदी शेवटी. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचत जाणे हा नियम तूच स्वतःवर लादला आहेस. तो मोड. रोज एक स्तोत्र मोठ्याने वाच, त्यासोबत मार्कच्या शुभवर्तमानातला एक प्रसंग घे, आणि कळले नाही ते वहीत टिपून पुढे जा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. शास्त्र वाचले की स्वभाव आपोआप निवळतो, अशी आशा धरू नकोस. जेरोम यांची लेखणी जहाल होती. एकेकाळचे जिवलग मित्र रुफिनस वारल्यावरही त्यांच्यावरचा राग शमला नाही. तरीही ४१० साली रोम लुटले गेले आणि निर्वासितांचे लोंढे बेथलेहेमात येऊ लागले, तेव्हा याच तापट माणसाने यहेज्केलावरचे भाष्य बाजूला ठेवले, कारण आता शास्त्रातले शब्द कृतीत उतरवण्याची वेळ आहे, असे त्यांना वाटले. दिवस त्या निर्वासितांच्या सेवेत जाई. मग रात्री, दिव्याच्या उजेडात हिब्रू अक्षरे म्हातारपणामुळे नीट दिसत नसतानाही, ते त्या भाष्याच्या राहिलेल्या ओळींकडे परतत.

वहीत टिपलेले पहिले न कळलेले वचन मला पुढच्या पत्रात कळव.

तुझा हितचिंतक