अन्न सुरक्षेचा कायदा देशभर एकच आहे, मग जबाबदारी नक्की कोणाची? केंद्र, राज्य की नगरपालिका?

मी परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, किराणा मालाचा ठोक व्यापार करतो. तुम्ही विचारलंय की तीन-तीन सरकारं असताना भेसळीला जबाबदार कोण, आणि नियम सगळीकडे सारखा कसा लागू होणार. खुर्चीतल्या साहेबांना हे वेगळं दिसत असेल. मला गादीवर बसून जे दिसतं ते सांगतो.

नियम सारखाच आहे. 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा 5 ऑगस्ट 2011 पासून अमलात आला आणि 1954 चा भेसळ प्रतिबंधक कायदा, शिवाय फळं, मांस, दूध यांचे सुटे-सुटे आदेश त्यातच जिरले. डाळीत ओलावा किती चालेल, हळदीत वरून रंग घालता येतो का (नाही येत), हे दिल्लीची एफएसएसएआय, म्हणजे केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण, ठरवते. परभणीला एक प्रमाण आणि पाटण्याला दुसरं, असं नसतं. नमुने मात्र राज्याचं अन्न व औषध प्रशासन घेतं, आमच्या भाषेत एफडीए. जिल्ह्याला बोटांवर मोजण्याइतके अन्न सुरक्षा अधिकारी आणि दुकानं गल्लोगल्ली. नगरपालिका हातगाडीची जागा आणि आजूबाजूची स्वच्छता बघते. तेव्हा फरक पडतो तो कोण येतो, कधी येतो आणि पुढे कोणाला कळवतो, यात.

मराठवाड्यात हे समजून घ्यायचं तर उपासाची भगर, म्हणजे वरईचे तांदूळ, बघा. एकादशी, महाशिवरात्र, नवरात्र आलं की कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून विषबाधेची बातमी येतेच. फेब्रुवारी 2024 मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात, कोष्टवाडीला महाप्रसादानंतर सुमारे 2,000 लोकांना त्रास झाला होता. आता या भगरीचा रस्ता बघा. वरईचं धान्य बरंचसं परराज्यातून येतं, नाशिककडच्या मिलमध्ये साफ होतं, तिथून आमच्यासारख्या ठोकवाल्यांकडे, मग गावच्या दुकानात आणि शेवटी सप्त्याच्या कढईत. वाटेत कुठेही ओल लागली की बुरशी धरते, आणि अ‍ॅस्परजिलस जातीच्या बुरशीतून फ्युमिगाक्लॅविनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. दळून ठेवलेलं पीठ तर ओलावा लगेच ओढतं. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगतो, पीठ घेऊच नका, भगर घ्या, निवडा, वाळवा आणि लागेल तेवढीच घरी दळा.

या रस्त्यावर मिल एका जिल्ह्याच्या अधिकाऱ्याच्या हद्दीत, माझं गोदाम दुसऱ्याच्या. आजारी पडलेली माणसं जातात प्राथमिक आरोग्य केंद्रात, ते जिल्हा परिषदेचं. गोंधळ वाढला की पोलीस. आणि महाप्रसाद करणारं मंडळ? कायद्यात अन्न व्यवसायाच्या व्याख्येत नफा असो वा नसो, दोन्ही येतं, म्हणून तर एफडीए दरवर्षी गणेश मंडळांना प्रसादासाठी नोंदणी करा म्हणून सांगते. सप्त्याच्या मांडवात ही नोंदणी किती जण करतात, ते तुम्हीच विचारून बघा. कलम 35 प्रमाणे अधिसूचना काढून डॉक्टरांना विषबाधेची खबर देणं बंधनकारक करता येतं. पण रात्री अकराला रुग्ण आले आणि एफडीएला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, तर तोवर भांडी घासून पालथी घातलेली असतात. नमुना मिळाला तरी विश्लेषकाला अहवालासाठी 14 दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात त्याच बॅचची पोती आणखी चार तालुक्यांत पोचतात. समन्वय लागतो तो इथे, पहिल्या रात्रीच्या फोनचा आणि बॅच नंबर मिलपर्यंत पोचवण्याचा.

माझ्या मते सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे बिल. कलम 26 प्रमाणे माल देणाऱ्याने घेणाऱ्याला दर्जाची लेखी हमी द्यायची असते, आणि बिल हीच ती हमी धरली जाते. 1 जानेवारी 2022 पासून त्यावर एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर छापणं सक्तीचं आहे. तो नंबर वाचायला शिका. पहिला आकडा 1 असेल तर परवाना, 2 असेल तर छोट्या धंद्याची नोंदणी. पुढचे दोन आकडे 15 असले तर महाराष्ट्र, 00 असले तर केंद्राचा परवाना. म्हणजे कोणाकडे दाद मागायची ते बिलावरच लिहिलेलं आहे. साखळी तुटते ती आठवडी बाजारात, सुट्या पिठाच्या ढिगाशी. तिथे ना बिल, ना बॅच, ना नंबर. दुकानदाराची चौकशी झाली तरी माणूस सांगतो, 'मोंढ्यातून आणलं', आणि मोंढा केवढा मोठा!

समित्यांवर माझा फारसा विश्वास नाही. तरी दूध भेसळीसाठी 2023 मध्ये राज्याने जिल्हावार समित्या नेमल्या, त्यांची मांडणी मला पटली. अपर जिल्हाधिकारी अध्यक्ष, आणि पोलीस, पशुसंवर्धन, एफडीए, वैधमापन (वजन-मापं तपासणारं खातं) असे सगळे एका टेबलाला. भगरीसाठी आषाढी आणि नवरात्राच्या आधी असं टेबल बसलं, त्यात तालुका आरोग्य अधिकाऱ्याला घेतलं, तर पुष्कळ होईल.

राज्याराज्यांत फरक कायद्यानेच पडतो अशीही एक जागा आहे. कलम 30 खाली राज्याच्या आयुक्तांना एखाद्या पदार्थावर एक वर्षापर्यंत बंदी घालता येते. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटखा आणि पानमसाल्यावर ती घातली आणि पुढे वाढवत नेली. उदगीर, देगलूर, उमरग्याच्या पुढे दुसरं राज्य लागतं, आणि गाडी कुठून येते ते इथल्या पानटपरीवाल्यालाही ठाऊक असतं. सीमेपलीकडच्या अधिकाऱ्याने साथ दिल्याशिवाय आपल्या एफडीएने कितीही धाडी घातल्या तरी काय होणार?

रेल्वेचं आणखी निराळं. परभणी स्टेशनच्या फलाटावरचा वडा रेल्वेच्या अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत, फाटकाबाहेरचा एफडीएच्या. फलाटावरची तक्रार 139 वर करा, बाहेरची एफडीएच्या 1800-222-365 या नंबरवर. विषबाधेचा संशय आला तर उरलेलं अन्न फेकू नका, झाकून वेगळं ठेवा, रिकामं पाकीट आणि बिलही जपा. आणि दवाखान्यात केसपेपरवर काय खाल्लं आणि ते कुठून आणलं होतं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.