पॅड नवे, सेटिंग जुने

प्रश्न : माझ्याकडे रबरी पॅडचा इलेक्ट्रॉनिक ड्रम सेट आहे. काठीची टकटक खालच्या मजल्यापर्यंत जाते, म्हणून स्नेअरच्या (वादकासमोरच्या मुख्य ड्रमच्या) जागी दहा इंची जाळीचे वापरलेले पॅड आणून बसवले. आता एका आघाताला दोनदा आवाज येतो, रिम (पॅडची कड) वाजतच नाही आणि स्नेअर जोरात वाजवला की शेजारचा टॉम आपोआप वाजतो. पॅड खराब निघाले का? पुढे टॉमही बदलायचे आहेत.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पॅड लगेच परत करू नका. मॉड्यूलमध्ये, म्हणजे पॅडचे संकेत घेऊन आवाज काढणाऱ्या पेटीत, अजून जुन्या रबरी पॅडचाच प्रकार निवडलेला असेल, तर अशा तक्रारी येऊ शकतात. त्यामुळे आधी पॅडच्या प्रकाराच्या यादीतून नव्या पॅडचे नाव निवडा. ते यादीत नसेल तर त्याच जातीच्या दुसऱ्या पॅडचे नाव निवडा.

रिमचे दुखणे बहुधा वेगळे आहे. रोलँडच्या पीडी-८ सारख्या रबरी पॅडमध्ये मधल्या भागाला पिएझो सेन्सर (कंपनांचा विद्युत संकेत करणारा) असतो, पण कडेला नुसता स्विच असतो; जाळीच्या बऱ्याच पॅडमध्ये मात्र दोन्हीकडे पिएझोच असतो. दोन पिएझोंचे संकेत वेगवेगळे ओळखण्याची सोय अनेक मॉड्यूलमध्ये फक्त स्नेअरच्या इनपुटला दिलेली असते. केबलही तपासा. तिच्या पिनेवर दोन काळ्या कड्या असतील तर ती स्टीरिओ आहे. एकच कडी असेल तर रिमचा संकेत मॉड्यूलपर्यंत पोहोचणारच नाही.

दुहेरी आवाजासाठी थेट मेनूत शिरण्याचा मोह टाळा. जाळी ढिली असेल तर आघातानंतर ती बराच वेळ थरथरत राहते आणि ती थरथर मॉड्यूलला दुसरा आघात वाटते. म्हणून प्रथम समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने फिरवून जाळी सारखी ताणा. त्यानंतर सेन्सिटिव्हिटी (पॅडची संवेदनशीलता) इतकी ठेवा की, आघाताच्या जोराचा कमाल १२७ हा आकडा अगदी जोरकस आघातालाच दिसावा. मध्यम आघातालाही तो दिसत असेल, तर तुमच्या हातातला चढउतार ऐकूच येणार नाही. एवढे करूनही दुहेरी आवाज राहिला तरच मास्क टाइम, म्हणजे एका आघातानंतर मॉड्यूल दुसऱ्याकडे दुर्लक्ष करते तो काळ, एकेक मिलिसेकंदाने वाढवा. मिनिटाला १२० च्या लयीत एका मात्रेत चार आघात वाजवले तर दोन आघातांत १२५ मिलिसेकंदांचे अंतर पडते, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. पण फ्लॅममधले (दोन काठ्यांनी जवळजवळ एकदम केलेले) आघात याहून कितीतरी जवळ असतात आणि मास्क टाइम फार वाढवला की दुसरा आघात गिळला जातो.

टॉम आपोआप वाजतो त्याची परीक्षा सोपी आहे. टॉमचे पॅड रॅकवरून सोडवून, केबल न काढता, मांडीवर घ्या आणि कुणालातरी स्नेअर वाजवायला सांगा. आता टॉम गप्प राहिला, तर कंपने रॅकच्या नळ्यांमधून येत होती असे समजा. अशा वेळी क्लॅम्प घट्ट करावेत, आणि त्याहून उत्तम म्हणजे स्नेअर वेगळ्या स्टँडवर ठेवावा. क्रॉसटॉक कॅन्सल, म्हणजे एका पॅडच्या आघाताने दुसरे वाजू न देणारे सेटिंग, त्यानंतरचे. ते फार चढवले की दोन पॅड एकदम वाजवताना हलका आघात नाहीसा होतो. ऑक्टोपॅड वाजवणाऱ्यांना हा अनुभव नवा नसावा, कारण तिथे आठही पॅड एकाच पेटीत असतात.

टॉमसाठी पॅड विकत घेण्यापूर्वी हेच स्नेअरचे पॅड टॉमच्या इनपुटला जोडून पाहा. तिथे रिम वाजली नाही आणि तुम्हाला टॉमची रिम लागतच असेल, तरच मॉड्यूल बदलण्याचा खर्च करा.