मणक्यातून पाणी काढलं तर माणूस कायमचा अधू होतो का?

तुमच्या वडिलांना मेंदूज्वराचा संशय आहे, डॉक्टर सही मागताहेत आणि चुलते अडून बसलेत, असं तुम्ही लिहिलंय. नाही होत अधू. सही करा.

आमच्याकडे धाकट्या भावाच्या वेळी हेच झालं. बरेच दिवस बारीक ताप, डोकेदुखी, मग उलट्या, आणि एका संध्याकाळी तो आईलाच ओळखेना. डॉक्टरांनी मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी मणक्यातून काढून तपासायचं म्हटलं तर थोरले काका म्हणाले, "पाठीत सुई घातली की पोरगं लुळं पडतं." त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. रात्र तशीच गेली. सकाळी आईनं कुणालाही न विचारता सही केली. पाण्यात प्रथिनं वाढलेली, साखर घसरलेली. टीबीचा मेंदूज्वर! त्याच दिवशी औषधं सुरू झाली आणि भाऊ वाचला. त्याचा डावा डोळा मात्र तिरळा राहिला. काका आजही सांगत फिरतात, की सुईनं डोळा घालवला. अहो, डोळा आदल्या रात्रीच तिरळा झाला होता, सुई लागायच्या आधी! या आजारात मेंदूच्या तळाशी चिकट थर साचतो, त्यात डोळ्याच्या नसा सापडतात. त्याच थरानं पाण्याची वाट अडली की मेंदूतल्या पोकळ्या फुगतात. उशीर केला तो माणसांनी.

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई जाते त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या नाहीतर चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधून. तिथं पाण्यात नसांचे सुटे धागे असतात, ते सहसा बाजूला सरकतात. हे पाणी अंगात एका वेळी साधारण 150 मिली असतं आणि रोज 500 मिलीच्या आसपास नवं तयार होतं. तपासायला काढलेलं थोडंसं पाणी तासाभरात भरून निघतं. 1891 पासून ही तपासणी होते आहे.

नंतर काहींचं डोकं दुखतं, बसलं की जास्त, आडवं झालं की कमी. बहुतेकांचं काही दिवसांत थांबतं. वडील रक्त पातळ करायची गोळी घेत असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. मेंदूत गाठ किंवा दाब वाढल्याचा संशय असेल तर अगोदर सीटी स्कॅन करतात, तोवर थांबावं लागतं, पण औषधं थांबवत नाहीत.

आणि तुमची आई तिथं उभी असताना चुलत्यांची परवानगी कशाला हवी? नवरा तिचा आहे. कागद तिच्या हातात द्या.